अक्काच्या कोळ्याला लावलेले कौल

ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माझ्या दारात आधी थबकतात आणि झाकण नीट लावलंय ना, एवढं विचारून मगच आत पाऊल टाकतात. मापं घ्यायच्या आरशाशेजारी काचेची पेटी आहे आणि पेटीत माझ्या थोरल्या बहिणीचा कोळी आहे. भिंतीवरचा किडमिडा कोळी नव्हे, टॅरँटुला. तळहाताएवढा, तपकिरी, अंगभर कुरळे केस. आहे मादी, आणि माझ्या तोंडात तिचं नाव 'बया'. एखादी धीट बाई जवळ जाऊन वाकून बघते आणि म्हणते, कशी टक लावून बघतीया बघा माझ्याकडं. तिला दिसत नाही, मी सांगते. आठ डोळे असले तरी उजेड-अंधारापलीकडं तिला फारसं कळत नाही. हे सांगताना माझा आवाज अक्कासारखा होतो, आणि मग त्या बाईचं माप मला दोनदा घ्यावं लागतं.

अक्का जाऊन वर्ष होत आलं.

आम्ही गडहिंग्लजच्या पलीकडच्या, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या गावातल्या. घरात मराठी, पण नात्यांची नावं कानडी. ती माझी अक्का, मी तिची तंगी, म्हणजे धाकटी. ती कोल्हापुरात शिकली, इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाली. लग्न केलं नाही. मी केलं, पण नवरा लवकर गेला आणि मूलबाळ नव्हतं. तेव्हा अक्का एसटीनं आली, माझी ट्रंक आणि शिलाई मशीन टेम्पोत चढवलं आणि मला राजारामपुरीतल्या तिच्या फ्लॅटवर घेऊन आली. रडू नकोस वगैरे काही म्हणाली नाही. मशीनला तेल कुठलं लागतं, तेवढं वाटेत विचारलं.

निवृत्तीला माणसं शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, ही बयेला घेऊन आली. पुण्याचा एक जुना विद्यार्थी असले प्राणी रीतसर कागदपत्रं करून पाळतो, त्यानं दिली होती. तेव्हा बया रुपयाच्या नाण्याएवढी होती. मी महिनाभर अक्काच्या खोलीत पाऊल टाकलं नाही, केर काढायलासुद्धा. अक्कानं स्वतः केर काढला आणि वर मला सुनावलं, की तू टाचण्या तोंडात धरून बोलतीस, त्याची मला जास्त भीती वाटते.

पेटी साफ करायचं काम अक्काचंच होतं. रविवारी सकाळी ती टेबलाशी बसायची. पेटीत नारळाच्या काथ्याचा भुसा, त्यावर मडक्याचं एक उलटं खापर, त्याखाली बया. लांब चिमट्यानं अक्का बयेनं खाल्लेल्या झुरळांचे उरलेसुरले गोळे उचलायची, पाण्याची वाटी विसळायची, कुठं बुरशी आली असेल तर तेवढा भुसा बदलायची. मी दारातून बघायची. अक्का काम करता करता बोलत राहायची, वर्गात शिकवावं तशी.

मग तिच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली, आणि केमोनंतर तिच्या बोटांना मुंग्या येऊन चिमटा धरवेना. डॉक्टरांनी भुसा, बुरशी असल्या गोष्टींपासून लांब राहायला सांगितलं होतं. मग काय, मी तोंडाला ओढणी बांधली, हातात मोजे घातले आणि कॉटवरून अक्का सांगेल तसं करायला लागले. पहिल्या दिवशी वाटीतलं निम्मं पाणी मी भुशात सांडलं. बया लगेच पाय उचलत उचलत कोरड्या जागेवर गेली.

मी म्हटलं, रुसली वाटतं.

"रुसली न्हाय. तिला वल चालत न्हाय. तिची जीभ पायांत हाय, तू जेवणाच्या ताटात पाणी वतलंस."

असं दर रविवारचं झालं. बया जे करेल त्याचा मी एक अर्थ लावायची आणि अक्का तो खोडून काढायची. बयेनं पुढचे दोन पाय वर उचलले, मी म्हटलं, नमस्कार करते. अक्का म्हणाली, हात मागं घे, चावण्याआधीची सूचना आहे ती. बया मागच्या पायांनी पाठीवरचे केस खरवडून माझ्याकडं उडवायला लागली, मी म्हटलं, काय रागीट आहे. अक्का म्हणाली, राग नव्हे, तुझा श्वास लागतोय तिला, तिच्या लेखी तोच वारा आणि तोच शत्रू. नवा भुसा घातला की बया काचेवर चढून कोपऱ्यात बसायची. मला वाटायचं, पळून जायचा बेत करतेय. अक्का म्हणायची, घराला तिचा वास उरला नाही, ती घर शोधतेय. नवीन सुनेला पहिले आठ दिवस भांडी सापडत नाहीत, तसं.

"रागावली न्हाय गं ती. भ्याली हाय." हे वाक्य अक्कानं मला किती वेळा ऐकवलं असेल. पुढं पुढं मलाच ते कळायला लागलं. मी मोज्यातला हात पेटीत घातला की आधी नुसता ठेवून द्यायची, तिला पायानं चाचपू द्यायची, मग हलवायची. माझी भीती कधी गेली ते कळलं नाही. बुरशी दिसण्याआधीच मला बुरशीचा वास यायला लागला.

भीती गेली आणि नसती उठाठेव सुरू झाली.

आमच्या गावात काही ठरवायचं असलं की ग्रामदेवीला कौल लावायची रीत आहे. गुरव देवीच्या दगडी अंगाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो. आपण मनातलं विचारायचं आणि टक लावून बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पोरगी कुठं द्यायची, विहीर कुठं खणायची, सगळं देवीला विचारून. अक्कानं कोल्हापूरला शिकायला जावं का, हेही अप्पांनी देवीलाच विचारलं होतं. उजवी पडली. आदल्या संध्याकाळी अव्वा, म्हणजे आमची आई, गुरवाच्या घरी जाऊन त्याच्या बायकोपाशी बराच वेळ बसून आली होती, हे अक्का मोठेपणी हसत हसत सांगायची. पण म्हणून कौलाला तिनं कधी मानलं नाही. आम्ही लिंगायत, आमचा देव इष्टलिंग होऊन आमच्याच तळहातावर असतो, मध्ये कुणी लागत नाही, मग गुरवाच्या दारात कशाला पळता, असं ती अव्वाला तोंडावर विचारायची. अव्वाचं उत्तर ठरलेलं असायचं.

"तळहातावरचा देव बोलत न्हाय की गं."

मी अव्वाच्या वळणावर गेले. पहिला कौल मी ठरवून लावला नव्हता. दुसऱ्या केमोआधी रक्ताचे रिपोर्ट यायचे होते, माझा जीव टांगणीला लागला होता, आणि खापर उचलता उचलता मनात आलं, बया उजवीकडं गेली तर अक्का बरी होईल. खापर उचललं की बया उघडी पडायची, थोडी थांबायची आणि मग एका बाजूच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. ती उजवीकडं गेली. रिपोर्ट चांगले आले. त्या संध्याकाळी मी शेंगदाण्याची पोळी केली, आणि अक्कानं तोंडाला चव नसताना अर्धी खाल्ली.

मग मी दर रविवारी विचारायला लागले. मोठ्यानं नाही, ओठांतल्या ओठांत. अक्का बरी होणार असेल तर उजवीकडं जा बाई. बया उजवीकडं जायची. दर वेळी. अक्काचं वजन उतरत होतं, पायांना सूज येत होती, डॉक्टर आधी बोलायचे त्यापेक्षा कमी बोलायला लागले होते, पण बया उजवीकडं जात होती. मी ते धरून बसले. शेजारणी अक्काची चौकशी करताना आवाज खाली आणायच्या, त्यांचा मला राग यायचा. यांना काय माहीत, असं मनात म्हणायची.

अक्काला मात्र मी काही विचारत नव्हते. औषध घेतलंस का, पाणी देऊ का, उशी उंच करू का, एवढंच. ती काही बोलायच्या बेतात आहे असं दिसलं की मला बाहेरच्या खोलीतलं काम आठवायचं. लग्नसराई होती, ब्लाउजांचा ढीग होता, निमित्त शोधावं लागायचं नाही. मी मशीनवर बसायची आणि पाय मारत राहायची.

मध्ये अक्काला ताप आला आणि तिला दवाखान्यात ठेवलं. मी दिवसभर तिच्याजवळ असायची, रात्रीला तिची एक मैत्रीण थांबायची. सकाळी दवाखान्यात जाण्याआधी मी घरी पेटी उघडायची आणि खापर उचलायची. रोज. साफ करण्यासारखं पेटीत काही नसायचं. बया दोन दिवसांनी काही खाईना, चिमट्यात धरलेलं झुरळ समोर नेलं की पाठ फिरवायची. मी म्हटलं, तिलाही अक्काची आठवण येत असेल. पण रोज उजवीकडं जात होती, तेवढ्यानं माझं भागत होतं.

अक्का घरी आली तेव्हा तिला धरून टेबलापर्यंत न्यावं लागलं. तिला आधी बयेला बघायचं होतं. ती वाकली, बघितलं, आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. बयेच्या पाठीवर मागं एक गुळगुळीत टक्कल पडलं होतं. केस उडवून उडवून संपवले होते तिनं.

हिला रोज कोण छेडत होतं, असं अक्कानं विचारलं. मी म्हटलं, बुरशी आली होती. अक्कानं भुशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. नंतर कॉटवर पडल्यावर स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, चला, आता आम्ही दोघी टकल्या. मी हसले नाही म्हणून तिनंच हसून घेतलं.

आता तिला डोक्याकडून वर होणारी कॉट हवी होती. ती भाड्यानं आणली. खोली लहान, म्हणून खिडकीखालचं कपाट बाहेर काढलं, तिथं कॉट घातली, आणि पेटीचं टेबल होतं त्या भिंतीवरून समोरच्या भिंतीला नेऊन लावलं. अक्काला पडल्या पडल्या बया दिसावी म्हणून.

पुढचा रविवार आला. दुसऱ्या दिवशी स्कॅनचा रिपोर्ट मिळणार होता आणि त्यावर पुढची केमो द्यायची की नाही ते ठरणार होतं. मी ओढणी बांधली, मोजे चढवले, ओठांतल्या ओठांत विचारलं आणि खापर उचललं. बया जागच्या जागी थांबली. मग एकेक पाय टाकत डावीकडं गेली आणि डाव्या कोपऱ्यात पाय आखडून बसली.

माझ्या हातातून चिमटा पडला. मी खापर परत ठेवलं, पुन्हा उचललं. बया तिथंच, डाव्या कोपऱ्यात. मी पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं.

"खापर ठेव आधी तिचं," अक्का कॉटवरून म्हणाली. "आन् हिकडं ये."

मी खापर ठेवलं, झाकण लावलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. मोजे हातातच होते. तिनं विचारलं, हे कौलाचं कधीपासून चाललंय. मी म्हटलं, कसला कौल. त्यावर ती म्हणाली की खापर उचलण्याआधी तू पुटपुटतेस, अव्वा देवळात पुटपुटायची तशी, आणि मी कॉटवर पडून दुसरं काय बघणार. बयेचं टक्कल बघितलं तेव्हाच तिला सगळं कळलं होतं.

मग माझा बांध फुटला. डावीकडं गेली गं अक्का, एवढंच मी म्हणत राहिले. इतके दिवस उजवीकडं जात होती, आज डावीकडं गेली.

अक्कानं मला रडू दिलं. मग म्हणाली, "खिडकी कुठल्या हाताला हाय बघ."

मी बघितलं. टेबलाशी उभं राहिलं तर खिडकी उजव्या हाताला येत होती.

"आधी डाव्या हाताला व्हती. उजेड डावीकडनं यायचा, ती उजवीकडं जायची. आता टेबल फिरवलंस, उजेड उजवीकडनं येतोय, म्हणून डावीकडं गेली. तिला तुझं काय म्हाईत न्हाय, माझं काय म्हाईत न्हाय. तिला अंधार पायजे, बास."

मला हायसं वाटलं. डावा कौल खोटा होता. देवी नव्हे, गुरव नव्हे, नुसती खिडकी. घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ मला खरंच बरं वाटलं. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात शिरली. डावा खिडकीचा होता तर उजवेही खिडकीचेच होते. सगळे. इतके महिने पदराच्या गाठीत बांधून ठेवलेले, शेजारणींवर चिडून जपलेले, अक्का सुजत होती तेव्हा रोज सकाळी मोजून घेतलेले, सगळेच्या सगळे त्याच खिडकीचे. माझ्याजवळ काहीच उरलं नाही.

अक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. आयुष्यभर तिनं मुक्या जीवांच्या हालचाली वाचल्या होत्या, माझं तोंड वाचायला तिला काय वेळ लागणार.

"तुला इचारायचं हाय ते मला इचार की," ती म्हणाली. "मी बोलती न्हवं."

मी मोजे काढले. एक बोट अडकलं होतं, ते सोडवायला वेळ लागला. मग विचारलं, अक्का, तू बरी होणार का.

"न्हाय."

तिनं ते बयेबद्दल सांगायची त्याच आवाजात सांगितलं. चढवून नाही, उतरवून नाही. मी कॉटच्या लोखंडी कठड्यावर डोकं ठेवलं. मला वाटलं होतं की हा शब्द ऐकला तर मी मरेन. मेले नाही. कठडा गार होता आणि खाली रस्त्यावर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. थोड्या वेळानं अक्का सांगायला लागली. उद्याचा रिपोर्ट काय येणार ते तिला माहीत होतं, डॉक्टर तिच्याशी आधीच बोलले होते, आणि पुढची केमो तिला घ्यायची नव्हती. हे मला सांगायचा ती कितीतरी दिवस प्रयत्न करत होती. मी दर वेळी उठून जात होते.

दुखेल का, मी विचारलं. दुखेल, पण त्यावर औषध आहे, ती म्हणाली. मग मला राहवेना. तिला भीती वाटते का, असं विचारलं. खोटं सांगायची तिला सवय नव्हती.

"वाटती," ती म्हणाली. "तू भाईर मशीन घेऊन बसतीस तवा जास्त वाटती."

मी कोळ्याचा पाय हलला तरी त्याचा अर्थ लावत होते, आणि माझी बहीण भिंतीपलीकडं एकटी भीत पडली होती. हे मला तेव्हा लागलं ते अजून लागतं.

त्याच दुपारी मी मशीन आत ओढून आणलं. दाराच्या चौकटीत अडकलं, तेव्हा वॉचमनला वर बोलवावं लागलं. कॉटला लागून ठेवलं, मला शिवता शिवता तिच्या पायाला हात लावता येईल इतकं जवळ. येणाऱ्या बायकांना सांगून टाकलं, माप द्यायचं तर आत यावं लागेल, आत आजारी माणूस आहे आणि कोळीही आहे. काही आल्या नाहीत. ज्या आल्या त्या अक्काशी गप्पा मारून गेल्या. बयेची पेटी आम्ही गरज पडेल तेव्हाच उघडली, आणि तिनं पुन्हा खायला सुरुवात केली.

मशीन चालू असलं की अक्काला डुलकी लागायची. थांबलं की डोळे न उघडता विचारायची, "का गं थांबलीस?" बॉबिन संपली, सुई बदलतेय, गळा उलटा लागला, जे असेल ते मी सांगायची. तेवढं ऐकून ती पुन्हा झोपायची. शेवटी शेवटी तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला मान वळवून ओठांकडं बघावं लागायचं, पण विचारायची.

एका दुपारी मी बाहीला लेस लावत होते. दोरा तुटला आणि मशीन थांबलं. मी मान वळवून तिच्या ओठांकडं बघत वाट बघितली, ते हलले नाहीत. मग दोरा ओवला आणि बाही पुरी होईपर्यंत शिवत राहिले.